चौदा सुयांचा हिशेब

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मंडळी सिमल्यास जाऊन आलो. (हल्ली ‘शिमला’ असे लिहितात; पण आमच्या वाडवडिलांनी सिमला म्हटले आणि तेच आमच्या तोंडी बसले.) चार दिवस देवदारांची हवा खाल्ली, जाखूच्या माकडाने माझा चष्मा पळवला, तो फुटाण्यांच्या पुडीवर सोडवून घेतला, आणि परत आलो. प्रवास खरे म्हणजे एवढ्यावर संपायचा. पण तिथल्या रिजवर एका संध्याकाळी एक वृद्ध गृहस्थ आपल्या केसाळ कुत्र्याला घेऊन फिरताना आमच्या धाकटीने पाहिले. कुत्र्याच्या अंगात हाताने विणलेला तांबडा स्वेटर होता. झाले! त्या घटकेपासून आमच्या घरात एकच विषय चालला आहे.

“बाबा, आपण कुत्रा पाळायचा का?”

मी शाळामास्तर. नाही म्हणायचे असले म्हणजे आम्ही ‘हिशेब करून सांगतो’ म्हणतो. त्या गृहस्थांनाच मी तिथल्या तिथे विचारले, की बुवा, या डोंगरावर कुत्रे बाळगायला खर्च किती येतो? त्यांनी बोटे मोडली. दूध, मांस, हिवाळ्यात कोळशाची शेगडी, वर्षाची लस, डॉक्टर, शिवाय गावी जायचे झाले तर याला सांभाळायला माणूस. मग थोडे थांबून म्हणाले, “आणि मास्तरसाहेब, अंधार पडल्यावर याला एकट्याला अंगणात सोडता येत नाही. बिबळ्या येतो. तेव्हा कोणीतरी रोज दार उघडून उभे राहायचे. त्याचे काय लावता?”

त्याचे काय लावायचे ते मला सांगता आले नाही. घरी आल्यावर वही उघडली आणि हिशेब मांडू लागलो, तो आकडे मागे मागेच जाऊ लागले. दूध-भाकरीचा खर्च एका ओळीत आटपला. बाकीचे पान दुसऱ्याच गोष्टींनी भरले. ते पान वाचकांपुढे ठेवतो.

कुत्र्यासाठी डोंगरावर किंमत मोजणारा पहिला माणूस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. धर्मराज हिमालय चढत गेला. वाटेत द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले, आणि शेवटी सोबतीला उरले एक कुत्रे. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्रे सोड, स्वर्गात बस. धर्मराज म्हणाला, मग स्वर्ग राहू दे. लहानपणी ही कथा ऐकली तेव्हा मला धर्मराजाच्या मोठेपणापेक्षा त्या कुत्र्याचीच काळजी वाटली होती: एवढ्या बर्फात त्याला खायला कोण घालत होते? व्यासांनी ते सांगितलेले नाही. महाकाव्यात खर्चाची बाजू नसते.

इंग्रजांच्या सिमल्यात मात्र ती होती. १८२२ साली केनेडी नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने तिथे पहिले पक्के घर बांधले आणि पुढे चाळीस-बेचाळीस वर्षांनी, १८६४ साली, सिमला ही हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी झाली. पण त्याआधीच १८३८ मध्ये गव्हर्नर-जनरल लॉर्ड ऑकलंड याची स्वारी तिथे येऊन राहिली होती. कलकत्त्याहून निघालेला हा तांडा बारा हजार माणसांचा. बरोबर हत्ती, उंट, घोडे, तंबू. त्यात लाटसाहेबाची बहीण एमिली ईडन होती, आणि एमिली ईडनबरोबर तिचा ‘चान्स’ नावाचा स्पॅनिएल जातीचा छोटा कुत्रा होता. बाईंनी बहिणीला धाडलेली पत्रे पुढे १८६६ साली पुस्तकरूपाने निघाली. त्यांत हा चान्स जागोजाग भेटतो. त्याच्या दिमतीला त्याचा स्वतःचा नोकर होता! कुत्र्याने चालायचे, नोकराने मागे राहायचे. कुत्रे दमले की नोकराने उचलून घ्यायचे.

आता याच प्रवासात, १८३८ च्या जानेवारीत, हा तांडा कानपूरच्या बाजूने गेला तेव्हा गंगा-यमुनेच्या दुआबात भयंकर दुष्काळ पडला होता. हाडांचे सापळे झालेली मुले तंबूंपाशी येत. एमिलीबाई दगडाच्या काळजाची नव्हती. तिने ते पाहिले, लिहिले, एका मुलाला दूध पाजण्याची खटपटही केली. सिमल्याला नाचाच्या एका रात्री तिच्या मनात असेही येऊन गेले, की आपण इथे शंभर गोरे नाचतो आहोत, भोवती तीन हजार डोंगरी माणसे उभी आहेत, आणि ती आपली डोकी का उडवत नाहीत हेच नवल! इतकी समज असलेली ती बाई. तरीही चान्सचा नोकर हा तिला खर्च वाटला नाही. मला वाटते खर्चाचे हेच लक्षण आहे: तो ज्याच्या खांद्यावरून जातो त्यालाच दिसतो.

त्या नोकरांना नावही होते. साहेबांच्या कुत्र्यांची दोरी धरणारा तो ‘डोरिया’. अँग्लो-इंडियन शब्दांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ सालच्या कोशात हा शब्द नोंदलेला आहे. दोरीवरून डोरिया, मराठी माणसाला वेगळा अर्थ सांगायला नको. कुत्र्याची दोरी याच्या हातात आणि याची दोरी साहेबाच्या हातात. पुढे १८९० च्या सुमारास मड्डमांसाठी गृहकृत्याचे एक जाडजूड पुस्तक फार खपले. त्यात स्वयंपाक, नोकरांचे पगार, गाई-कोंबड्या यांच्या जोडीला कुत्र्यांच्या निगेविषयीही उपदेश होता. रेल्वे सिमल्याला पोचली १९०३ साली. त्याआधी धान्य, पिठे, बिस्किटे, दूधभांडी, सगळे बैलगाडी, खेचर नाही तर माणसाच्या पाठीवरून वर यायचे. डोंगरातल्या गावकऱ्यांना ही ओझी बेगारीने वाहावी लागत. ही बेगार मोडली ती १९२१ च्या आसपास, आणि ती मोडण्यासाठी झटला तो सॅम्युअल स्टोक्स नावाचा अमेरिकन. हिमाचलात गोड सफरचंदांच्या बागा लावणारा म्हणून लोक त्याला ओळखतात. सफरचंदे सगळ्यांना ठाऊक. बेगारीचे कोणी बोलत नाही.

बिबळ्याचा खर्च जुनाच आहे. बिबळ्याला कुत्र्याच्या मांसाची विलक्षण आवड. बोकड बांधलेला सोडून तो ओसरीवरचे कुत्रे उचलील. पहाडातले मेंढपाळ यावर एक उपाय करतात: कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा रुंद पट्टा. बिबळ्या धरतो तो नरडीलाच, आणि तिथेच खिळे! हा पट्टा लोहाराकडून घडवून घ्यावा लागतो. बंगल्यातल्या लाडक्या कुत्र्याला असला पट्टा कोण घालणार? त्यामुळे साहेबांची कुत्री बिबळ्याच्या पोटात गेली आणि धनगरांची वाचली, असे पुष्कळ वेळा झाले असले पाहिजे.

सिमल्यासारखेच दुसरे डोंगरी शहर नैनिताल. तिथे १८७५ साली जिम कॉर्बेट जन्मला. त्याचे नरभक्षक वाघांचे पुस्तक १९४४ साली प्रथम छापले गेले ते आपल्या मुंबईत. त्यात वाघांच्या अधेमधे एका कुत्र्याची गोष्ट आहे. टोपलीत सात पिल्ले. त्यांतले सगळ्यांत मरतुकडे, जगेल की नाही अशी शंका असलेले पिल्लू कॉर्बेटने पंधरा रुपयांना विकत घेतले. त्याचे आधीचे नाव बदलून रॉबिन ठेवले. लहानपणी कॉर्बेट भावंडांना एका अस्वलिणीपासून वाचवणारा जो जुना कुत्रा होता, त्याचे ते नाव. तेरा वर्षांनंतर, कॉर्बेटच्याच म्हणण्याप्रमाणे, हिंदुस्थानातले सगळे सोने दिले तरी तो रॉबिन विकायला तयार नव्हता. माझ्या वहीत ‘पिल्लाची किंमत’ या ओळीपुढे मी पंधरा रुपये लिहून ठेवले आहेत. आजच्या बाजाराशी त्याचा काही संबंध नाही. पण लिहिताना बरे वाटले.

त्याच ओळीखाली दुसरा आकडा लिहावा लागला: आठ आणे. हा मुंबईचा. कंपनी सरकारच्या पोलिसांना मोकाट कुत्री मारण्याबद्दल दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. बक्षीस म्हटले की मोकाट कोणते आणि पाळीव कोणते हे कोण बघतो! शिपाई घरांच्या दारांतून कुत्री ओढून नेऊ लागले. पारशी लोकांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान. मृताजवळसुद्धा ते कुत्रे आणतात. १८३२ च्या ६ जूनला, त्यांच्या एका पवित्र दिवशी, कोटात दंगल उसळली. दुकाने बंद पडली, आणि शांत, व्यापारी पारशी समाज कुत्र्यांसाठी रस्त्यावर आला. मुंबईच्या इतिहासातल्या अगदी आरंभीच्या दंग्यांत याची गणना होते. जिवंत पिल्लू पंधरा रुपयांचे आणि मेलेले कुत्रे आठ आण्यांचे. सरकार कुत्री का मारत होते? कारण ती पिसाळत.

इथे आमचा हिशेब खऱ्या रकमेपाशी येतो.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतले विष हे रक्तातून पसरत नाही. ते मज्जातंतूंना धरून इंचाइंचाने मेंदूकडे सरकते. चावा तोंडावर असला तर लवकर पोचते, पायावर असला तर उशिरा. साधारण एक ते तीन महिने. तोवर माणूस खातो, पितो, हसतो. एकदा ते मेंदूला पोचले आणि पाण्याचा घोट घशाखाली उतरेना असे झाले, की मग धन्वंतरी आला तरी उपयोग नाही. ही मधली मुदत एवढीच काय ती आशा. पूर्वी या मुदतीत जखम तापल्या सळईने वा तेजाबाने जाळत. आपल्याकडे मिरचीची पूड भरत, धोतऱ्याचा रस देत, मांत्रिकाकडे नेत.

१८८५ च्या ६ जुलैला पॅरिसमध्ये लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या पोराला पहिली लस टोचली. आजाराने मेलेल्या सशाचा पाठीचा कणा फोडून त्यातला मज्जारज्जू काढायचा, काचेच्या बरणीत टांगून सुकवायचा. जितका जास्त सुकलेला तितके विष दुबळे. दुबळ्यापासून आरंभ करून रोज थोडे जोरकस टोचत जायचे. दहा-अकरा दिवसांत तेरा वेळा टोचले. पोर वाचले. पुढच्याच वर्षी रशियातून लांडग्याने फाडलेले एकोणीस शेतकरी पॅरिसला येऊन थडकले. त्यांना फ्रेंचमधला एकच शब्द येत होता, पाश्चर! त्यांतले सोळा वाचले.

मग हिंदुस्थानात कोणाला कुत्रे चावले तर? उत्तर असे, की पॅरिसला जावे. गोऱ्या शिपायाला कुत्रे चावले तर सरकार आपल्या खर्चाने त्याला धाडत असे. आगगाडीने मुंबई, मुंबईहून बोटीने मार्सेय, तिथून पुन्हा आगगाडीने पॅरिस. सगळे जुळून आले तरी दोन-तीन आठवडे. पायात दडलेले विष आणि समुद्रावरची आगबोट यांची ती शर्यत. आपल्या धक्क्यावरून असे किती शिपाई, मांडीला पट्टी बांधून, मनातल्या मनात दिवस मोजत बोटीवर चढले असतील! आणि त्याच कुत्र्याने ज्या डोरियाला चावले असेल त्याच्यासाठी बोट नव्हती. कुत्र्याच्या दातांना माणसांतला फरक कळत नाही. सरकारी तिजोरीला कळतो.

म्हणून इथेच पाश्चर संस्था काढावी असे बोलणे सुरू झाले. त्यालाही विरोध झाला. ससे मारून माणसे वाचवायची का, असा वाद इंग्लंडात तसाच इकडेही गाजला, आणि त्यात बरीच वर्षे गेली. अखेर १९०० साली कसौलीला संस्था उघडली. कसौली हे सिमल्याच्या वाटेवरचे, सहा हजार फुटांवरचे लष्करी ठाणे. तिथेच का? तर मज्जारज्जू सुकवायला थंड हवा पाहिजे. सपाटीच्या उन्हाळ्यात तो नासून जाईल. त्यामुळे औषध डोंगरावर राहिले आणि रोगी डोंगर चढू लागले. डेव्हिड सेंपल नावाचा आयरिश लष्करी डॉक्टर संस्थेचा पहिला प्रमुख झाला. पंजाबच्या खेड्यातला शेतकरी, बंगालचा कारकून, कडेवर पोर घेतलेली आई, साहेबाची मड्डम, असे सगळे कालक्याला गाडीतून उतरत आणि पुढे पायी, तट्टावर, जसे जमेल तसे कसौलीचा चढ चढत. मास्तर म्हणून मला त्या चढाचे फार वाटते. आजारी नसलेला माणूस मरणाच्या भीतीने धापा टाकत डोंगर चढतो आहे, आणि खाली गावात त्याच्या बायकोने दागिना गहाण ठेवला आहे.

दक्षिणेकडच्या लोकांना कसौलीही लांब. १९०२ साली मद्रास इलाख्यात एक इंग्रज तरुणी याच रोगाने गेली. तेव्हा तिकडेही संस्था हवी म्हणून ओरड झाली, आणि १९०७ साली निलगिरीत कुन्नूरला ती निघाली. फिप्स नावाच्या अमेरिकन धनिकाने लॉर्ड कर्झनला दिलेल्या देणगीचा काही भाग तिच्या कामी आला. पुढे शिलाँगलाही निघाली. कसौली, कुन्नूर, शिलाँग, सगळी डोंगरावरची. कुत्री सगळीकडे आणि औषध मात्र थंड हवेच्या गावी!

ही अडचण सोडवली ती सेंपलनेच. १९११ साली त्याने दाखवून दिले, की मेंदूतले विष कार्बोलिक ॲसिडने पार मारून टाकले तरी त्याची लस काम करते. सुकवण्याचा खटाटोप नको, बरण्या नकोत. बाटलीत भरा आणि टपालाने धाडा. आरंभी ही लस सशाच्या मेंदूची होती, मग मेंढीच्या मेंदूची झाली. हळूहळू जिल्ह्याजिल्ह्याच्या दवाखान्यांत ती मिळू लागली. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतही १९२० नंतर टोचण्याची सोय झाली. कसौलीच्या डोंगरातली ही बाटली शेवटी आमच्या तालुक्याच्या गावी पोचली, आणि १९८९ साली मी नऊ वर्षांचा असताना माझ्या पोटात शिरली.

आमचा कुत्रा मोत्या. पांढरा, एका डोळ्यावर काळा डाग. वडील दुसऱ्याच्या शेतावर सालाने होते, आणि मोत्या आमचा नसून त्या शेताचाच आहे असे मालक समजत. पण जेवायला तो आमच्याकडे असे. श्रावणात एकदा तो कान फाटून घरी आला. आईने हळद लावली. तीन-चार आठवड्यांनी तो कणगीमागे जाऊन बसू लागला. भाकरी टाकली तर बघेना. लाकूड चावी. भुंकणे घोगरे झाले. मला वाटले, रुसला. मी दोरी धरून बाहेर ओढला, तेव्हा माझ्या मनगटाला चावून तो सुसाट पळाला. शेजारच्या वस्तीवर एका म्हातारीच्या पोटरीला चावला. तिन्हीसांजेला चुलत्यांनी त्याला ओढ्याच्या काठी गाठले. रोज त्याला भाकरीचा शेवटचा तुकडा तेच टाकत. ते परत आले आणि त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशीपासून चौदा दिवस मी आणि वडील एस. टी. ने बावीस किलोमीटर जात-येत होतो. बेंबीभोवती चौदा सुया! आमच्या वयाच्या मराठी माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पोराला कुत्र्यापासून दूर ठेवायला आया हीच धमकी देत. पोट फुगून टणक व्हायचे. आज डाव्या बाजूला, उद्या उजव्या. पाचव्या दिवशी दवाखान्यात लस संपली होती. “उद्या बघा,” असे म्हणाले. वडील त्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहिले, जणू बसून राहिल्याने लस येणार होती. दुसऱ्या दिवशी आली. टोचायला पैसे पडत नव्हते, पण एस. टी. चे भाडे होते, खाडे होते, आणि मालकाने खाडे कापले. आईने शेळी विकली. पुढे शिकल्यावर मला कळले, की माझ्या पोटात गेले ते एका मेंढीच्या मेंदूचे पाणी. म्हणजे माझ्या वाट्याला एक मेंढी आणि एक शेळी आली म्हणायची. जोसेफ माइस्टर नऊ वर्षांचा, मीही नऊ वर्षांचा. त्याला तेरा, मला चौदा.

म्हातारी दवाखान्यात गेली नाही. तिच्या मुलांनी तिला मांत्रिकाकडे नेले. वडील दोनदा सांगायला गेले, एस. टी. चे पैसे मी देतो म्हणाले. ती हसून म्हणाली, “अरे, तुझ्या मोत्याला मी ताक पाजलंय. तो मला काय करणार?” दिवाळी झाली, आणि नंतर पंधरा दिवसांनी ती पाणी मागू लागली आणि पाणी समोर आले की ओरडू लागली. तीन दिवसांत गेली. वडील पुढे कितीतरी वर्षे त्या वस्तीवरून जाताना खाली मान घालून जात. कोणी त्यांना एका शब्दाने बोलले नाही. आमच्या घरात पुन्हा कुत्रे आले नाही. माझ्या धाकटीला हे ठाऊक नव्हते. मीच कधी सांगितले नव्हते.

त्या मेंढीच्या लसीने लाखो जीव वाचवले यात शंका नाही. पण तिचीही एक किंमत होती. काही हजारांत एखाद्याला ती टोचल्यावर अर्धांग होई. मेंढीच्या मेंदूला विरोध करता करता शरीर आपल्याच मज्जातंतूंवर उठे. पेशींवर वाढवलेल्या नव्या, निर्धोक लसी १९८० च्या सुमारास आल्या होत्या. पण त्या महाग. गरिबाला मेंढी आणि पैसेवाल्याला नवी बाटली, असे पुष्कळ वर्षे चालले. सरकारी दवाखान्यांतली मेंढीची लस आपल्या देशात बंद झाली ती २००४ च्या अखेरीस. सेंपलच्या शोधाला तेव्हा नव्वदावर वर्षे झाली होती. आता सुया पोटात नाहीत, दंडात घेतात, आणि चार-पाचांवर काम भागते.

तरीही एक मोठा खर्च उरतो. चावा खोल असला तर नुसती लस पुरत नाही, कारण लसीचा गुण यायला काही दिवस लागतात. तोवर जखमेतले विष थोपवायला तयार प्रतिद्रव्याचे सीरम टोचावे लागते. ते माणसाच्या नाही तर घोड्याच्या रक्तातून काढतात; कसौलीलाही ते होत असे. (या हिशेबात ससा, मेंढी, घोडा सगळे आले, कुत्रे पाळावे माणसाने आणि भरपाई करावी जनावरांनी!) हे सीरम रोग्याच्या वजनाच्या प्रमाणात देत. थोडे जखमेत, उरलेले मांडीत. मोठ्या माणसाला कित्येक बाटल्या लागत आणि वेळेला बाजारात मिळत नसत.

इथे पुन्हा सिमलाच येते. लॉर्ड रिपनच्या नावाने १८८५ साली निघालेले, आज दीनदयाळ उपाध्याय यांचे नाव असलेले एक रुग्णालय तिथे आहे. १८८५ म्हणजे पाश्चरच्या पहिल्या सुईचे साल. तिथे डॉ. ओमेश भारती या डॉक्टरांनी विचार केला, की विष जर जखमेत आहे तर मांडीत टोचलेले सीरम करते काय? २०१४ मध्ये सीरमचा तुटवडा होता, तेव्हा त्यांनी ते फक्त जखमेत आणि जखमेभोवती टोचायला आरंभ केला. थोडक्यात भागू लागले. एका बाटलीत अनेकांचे काम होऊ लागले. रोगी वाचत राहिले. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने जखमेतच सीरम देण्याची ही रीत आपल्या शिफारशीत घेतली, आणि २०१९ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली. वर्तमानपत्रांनी छापले, की पस्तीस हजारांचा उपचार साडेतीनशे रुपयांवर आला. मी रिजवर उभा राहून तांबड्या स्वेटरातल्या कुत्र्याचा खर्च विचारत होतो तेव्हा ते रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर होते. मला त्याचा पत्ता नव्हता. आधी कळते तर माकडाला चष्मा देऊन तिकडे गेलो असतो.

हा सगळा हिशेब मी धाकटीला वाचून दाखवला. मोत्याचा आणि म्हातारीचासुद्धा. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “मोत्याला लस टोचली असती तर?”

कुत्र्यालाच लस! तीस-पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. आमच्या खेड्यात तेव्हा गाईबैलांचा डॉक्टर महिन्यातून एकदा येत असे. कुत्र्याला सुई टोचायची हे त्याच्या किंवा आमच्या स्वप्नातही आले नसते. म्हातारी, वडिलांची खाली गेलेली मान, चुलत्यांचे न जेवणे, आईची शेळी, या सगळ्याच्या समोर एका सुईचे पैसे.

आमच्या गल्लीत रात्री काठी आपटत फिरणारा गुरखा नेपाळचा आहे. तिकडे दिवाळीत एक दिवस कुत्र्याचा. त्याला कुकुर तिहार म्हणतात. कुत्र्याच्या कपाळाला टिळा, गळ्यात झेंडूची माळ, आणि पुढ्यात गोडधोड. दर वर्षी नरकचतुर्दशीच्या सुमारास हा गुरखा गल्लीतल्या बेवारशी कुत्र्यांना माळा घालतो आणि लोक हसतात. यंदा माळा आमची धाकटी ओवणार असे दोघांचे ठरले आहे. तेव्हा गेल्या रविवारी मी, गुरखा आणि ती, अशी आमची वरात चार कुत्र्यांना दोऱ्या बांधून जनावरांच्या दवाखान्यात गेली. तीन गुमान उभी राहिली. चौथे, पांढरे, टोचताना कुईकुई करून माझ्या पायात शिरले. धाकटी त्याला मोत्या म्हणू लागली आहे. मी काही बोललो नाही. चार सुयांची पावती वहीच्या त्याच पानावर टाचणीने लावून ठेवली आहे.